‘क्राफ्ट’ : एका शब्दाचे स्वामित्व
लघु बिअर-उत्पादकांच्या व्यवसायसंघांचा इतिहास

लंडनच्या ब्रुअरांच्या श्रेणीचे चिटणीसपद इ. स. १४१८ मध्ये विल्यम पोर्लंड ह्याच्याकडे आले. त्याने राखलेल्या दप्तरात सभासदांच्या याद्या, वर्गणीचे हिशेब, मेजवान्यांचे खर्च आणि नगराधिकाऱ्यांशी झालेले तंटे असा नाना प्रकारचा मजकूर आहे. त्यातच १४२२ च्या सुमाराची एक नोंद सापडते. इंग्रजी भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ती दीर्घकाळ परिचित आहे. ह्यापुढे श्रेणीचे कामकाज इंग्रजीत लिहावे, असा तो ठराव होय. राजा पाचवा हेन्री आपल्या पत्रांत इंग्रजीचा अवलंब करू लागला आहे, हे एक कारण तेथे दिले आहे. आपल्या व्यवसायातील पुष्कळांना इंग्रजी लिहितावाचता येते, परंतु लॅटिन व फ्रेंच समजत नाही, हे दुसरे. गमतीचा भाग असा की, इंग्रजीच्या स्वीकाराचा हा ठराव स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेला आहे.

ह्यांपैकी पहिल्या कारणाची चर्चा भाषेच्या इतिहासकारांनी पुष्कळ केली, कारण त्यात राजा आहे. व्यवसायसंघांच्या इतिहासाच्या दृष्टीने दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. जो सभासद वर्गणी भरतो, त्यास आपल्या संघाचे दप्तर वाचता आले पाहिजे, ही जाणीव त्यात व्यक्त झाली आहे. ज्याला हिशेब वाचता येत नाही, त्याचे सभासदत्व केवळ देणेकऱ्याचे उरते. लहान उत्पादकाने व्यवसायसंघात का सामील व्हावे, ह्या अर्थशास्त्राच्या प्रश्नाचा विचार म्हणूनच पोर्लंडच्या वहीपासून आरंभिणे उचित ठरते.

ह्या वहीत श्रेणीचा उल्लेख ज्या शब्दाने येतो, त्याकडेही लक्ष दिले पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘क्राफ्ट’. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ बल, सामर्थ्य असा होता. जर्मन भाषेतील ‘क्राफ्ट’ आजही त्याच अर्थी रूढ आहे. इंग्रजीत मात्र बलापासून कौशल्य, कौशल्यापासून धंदा आणि धंद्यापासून तो धंदा करणाऱ्यांचा समुदाय असा अर्थविस्तार होत गेला. पोर्लंडच्या काळी ‘आमचे क्राफ्ट’ म्हणजे ‘आमची श्रेणी’. पेयाच्या गुणाशी त्या शब्दाचा संबंध नव्हता. तो माणसांच्या समूहाचा वाचक होता. (श्रेणी हा प्रतिशब्द येथे योजण्यास आधार आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धन येथील श्रेणींकडे कार्षापणे ठेवल्याची नोंद आहे. त्यांतील विणकरांच्या समूहांना तेथे ‘निकाय’ असेही म्हटले आहे. समूहास स्वतंत्र नाव असल्यावाचून त्याच्याकडे ठेव ठेवता येत नाही.) शब्दाचा हा जुना अर्थ ध्यानात ठेवला म्हणजे, पुढे विसाव्या व एकविसाव्या शतकांत ‘क्राफ्ट बिअर’ ह्या पदावरून जो वाद माजला, त्याचा उलगडा पुष्कळसा होतो.

प्रथम, पंधराव्या शतकातील सभासदास श्रेणीपासून काय लाभत होते ते पाहू. पाव व एल ह्यांच्या किमती आणि मापे तेराव्या शतकापासून कायद्याने बांधलेली होती. धान्याच्या भावानुसार एलचा दर ठरे आणि तो मोडणाऱ्यास दंड होई. नगराचा महापौर कडक असला तर हा दंड धंदा बुडविण्याइतका होऊ शके. दंतकथेमुळे ज्याचे नाव इंग्रजी मुलांना ठाऊक आहे, त्या रिचर्ड व्हिटिंग्टनने ब्रुअरांचा असाच पिच्छा पुरविला. त्याच्या रोषाचे एक निमित्त म्हणून पोर्लंडने श्रेणीच्या मेजवानीत वाढलेल्या पुष्ट राजहंसांचा निर्देश केला आहे. एल महाग विकणारे लोक हंस खातात, हे पाहून महापौरास त्यांच्या दारिद्र्याच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे जड गेले असावे! जॉन मिशेल हा महापौर मात्र सौम्य वृत्तीचा निघाला. त्यास श्रेणीने एक बैल व एक रानडुक्कर नजर केले. त्याने ब्रुअरांना उपद्रव दिला नाही, उलट चांगली एल गाळण्याचा उपदेश केला, असे चिटणीसाने समाधानाने लिहून ठेवले आहे.

ह्या नोंदींतील व्यवहार आजच्या नीतीस मानवणारा नाही, हे उघड आहे. परंतु त्याचे आर्थिक स्वरूप स्पष्ट आहे. गल्लीत एक कढई चढविणाऱ्या ब्रुअरला बैल नजर करणे शक्य नव्हते, आणि तशी भेट घेऊन तो गेलाच असता तरी महापौराने त्यास ओळखले नसते. अधिकाऱ्यापुढे उभे राहण्यास नाव लागते, आणि ते नाव श्रेणीचे होते.

हे नाव सर्वांना सारखे मिळत नव्हते. पोर्लंडच्या याद्यांत सुमारे एकतृतीयांश सभासद स्त्रिया आहेत; कित्येक पतीसमवेत, काही स्वतंत्रपणे. एल गाळणे हा मूळचा घरगुती व बव्हंशी स्त्रियांचा उद्योग होता, त्याचा हा अवशेष. पण श्रेणीच्या अधिकारपदांवर स्त्री दिसत नाही. ज्यूडिथ बेनेट ह्यांनी ह्या दप्तराचा बारकाईने अभ्यास करून दाखविले आहे की, धंदा जसजसा मोठा, भांडवली व संघटित होत गेला, तसतशी त्यातून स्त्री मागे पडली. सहाव्या हेन्रीने १४३८ मध्ये श्रेणीस सनद दिली, तिचा लाभ कोणास झाला हे ह्यावरून समजावे. दुसरी मर्यादा हॉपची होती. हॉप घातलेले पेय नेदरलंड्सकडून आलेल्या परकीयांनी लंडनमध्ये रुजविले. ते ‘बिअर’ आणि हॉपविरहित ते ‘एल’, असा भेद त्या काळी काटेकोर मानला जाई. बिअर हा शब्द प्राचीन इंग्रजीत होता, मधल्या काही शतकांत तो फारसा आढळत नाही, आणि ह्या परकीय पेयाबरोबर तो नव्या अर्थाने पुन्हा प्रचारात आला. एल गाळणारे आणि बिअर गाळणारे ह्यांच्या संघटना दीर्घकाळ वेगळ्या राहिल्या. सोळाव्या शतकात त्या एकत्र आल्या. तात्पर्य, कोण आपला आणि कोण परका हे ठरविणे हेच श्रेणीचे आद्य कार्य होते. वर्गणी, वेश आणि मेजवानी ही त्याची बाह्य लक्षणे.

पुढील तीन शतकांत श्रेणींचा धंद्यावरील अधिकार ओसरला आणि वाफेच्या यंत्राने लंडनमध्ये प्रचंड ब्रुअऱ्या उभ्या केल्या. एकोणिसाव्या शतकातील व्यवसायसंघ प्रायः मोठ्या उत्पादकांचे होते, त्यांचा इतिहास येथे अप्रस्तुत आहे. लहानांचा स्वतंत्र संघ ही विसाव्या शतकातील घटना होय, आणि तिचा प्रारंभ अमेरिकेत झाला.

संयुक्त संस्थानांत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठल्यावर ज्या ब्रुअऱ्या पुन्हा चालू झाल्या, त्यांतील लहानांवर दुसऱ्या महायुद्धातील टंचाईचे नवे संकट कोसळले. कच्च्या मालाचे व धातूचे वाटप सरकारच्या हाती गेले, आणि वाटपाच्या वेळी मोठ्यांचा आवाज अर्थातच आधी ऐकू जाई. अशा वेळी, १९४२ मध्ये, शिकागो येथे लहान ब्रुअरांची एक समिती स्थापन झाली. तीच पुढे ‘ब्रुअर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ म्हणून ओळखली गेली. विल्यम ओ’शे हे तिचे दीर्घकाळ सूत्रधार होते. युद्ध संपले तरी संघ टिकला, कारण टंचाईपेक्षा मोठा शत्रू समोर उभा होता. राष्ट्रव्यापी जाहिरात व वाहतूक ह्यांच्या बळावर मोठ्या कंपन्या प्रादेशिक ब्रुअऱ्या गिळीत होत्या.

ह्या संघाचे सर्वांत मोठे यश १९७६ चे. तोवर सर्व ब्रुअरांना दर पिंपामागे ९ डॉलर इतकाच केंद्रीय अबकारी कर द्यावा लागे. पिंप म्हणजे ३१ अमेरिकन गॅलन, सुमारे ११७ लिटर. त्या वर्षी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड ह्यांच्या स्वाक्षरीने कायदा बदलला. वर्षाला २० लाख पिंपांहून अधिक उत्पादन न करणाऱ्या ब्रुअरला पहिल्या ६०,००० पिंपांवर ७ डॉलरच कर पडू लागला. ६०,००० पिंपे गाळणाऱ्याची ह्यात वर्षाला १,२०,००० डॉलरची बचत होती. हजार पिंपे गाळणाऱ्याची मात्र अवघी दोन हजारांची. ही रक्कम क्षुल्लक वाटेल, पण १९९१ मध्ये सर्वसाधारण कर दुप्पट होऊन १८ डॉलर झाला आणि लहानांचा दर ७ वरच राहिला, तेव्हा त्याच हजार पिंपांवरील अंतर ११,००० डॉलरचे झाले. १९७६ च्या कायद्याने ‘लहान ब्रुअर’ नावाचा एक स्वतंत्र वर्ग कायद्यात निर्माण केला नसता, तर १९९१ ची वाढ त्यास वगळून गेली नसती. सवलतीच्या रकमेहून त्या वर्गाला मिळालेले अस्तित्व अधिक मोलाचे ठरले.

ह्या यशाला एक करुण बाजू आहे. ज्या प्रादेशिक ब्रुअऱ्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरून ही सवलत मिळविली, त्यांतील बहुतेक तिचा उपभोग घेण्यास उरल्या नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभराहूनही कमी ब्रुअऱ्या शिल्लक होत्या. लाभ झाला तो अद्याप जन्मास न आलेल्यांना. १९७६ मध्येच जॅक मॅकऑलिफ ह्यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे ‘न्यू अल्बियन’ ही ब्रुअरी काढली. आधुनिक लघु-ब्रुअऱ्यांची ती जननी मानली जाते. तीही १९८२ मध्ये बंद पडली. कर कमी झाला म्हणून भांडवल उपलब्ध होत नाही, ह्याचे हे उदाहरण. पण तिच्यामागून आलेल्यांना दोन्ही गोष्टी तयार सापडल्या : मॅकऑलिफ ह्यांनी घालून दिलेला कित्ता आणि ओ’शे ह्यांच्या संघाने मिळविलेला कर-दर.

येथे मॅन्कर ओल्सन ह्यांचा सिद्धान्त आठवल्यावाचून राहत नाही. सामूहिक कृतीवरील त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. समूहाने मिळविलेला लाभ जर सभासद नसणाऱ्यासही मिळत असेल, तर सुज्ञ मनुष्य वर्गणी का भरील, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर त्यांचे उत्तर असे की, मोठ्या समूहांत केवळ सभासदांनाच मिळतील असे काही लाभ द्यावे लागतात. त्या लोभाने माणसे येतात आणि त्यांच्या बळावर सामूहिक कार्यही साधते. करसवलत पहिल्या प्रकारची. कायदा सभासदत्वाची पावती विचारीत नाही.

दुसऱ्या प्रकारचा उत्कृष्ट नमुना ब्रिटनमध्ये पाहावयास मिळतो. तेथे १९८० मध्ये ‘स्मॉल इंडिपेंडंट ब्रुअर्स असोसिएशन’ स्थापन झाली. रिंगवुड येथे १९७८ मध्ये ब्रुअरी काढणारे पीटर ऑस्टिन हे तिचे पहिले अध्यक्ष. ब्रिटिश लघु-ब्रुअरपुढची मुख्य अडचण कराची नव्हे, दाराची होती. बहुसंख्य मद्यगृहे मोठ्या ब्रुअरांच्या मालकीची आणि त्यांच्याच मालाला बांधलेली. १९८९ च्या सरकारी आदेशांनी ही बांधणी सैल केली, तेव्हा मोठ्या ब्रुअरांनी मद्यगृहे विकली आणि ती मद्यगृह-कंपन्यांच्या हाती गेली. अशा कंपनीस शेकडो लहान ब्रुअरांशी शेकडो खाती ठेवण्याची इच्छा नव्हती. संघाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी ह्यावर तोड काढली. कंपनीचे खाते एकच, संघाशी. पिंप मात्र ब्रुअरने आपल्या गाडीतून जवळच्या मद्यगृहात स्वतः पोचवावयाचे. हिशेब, बिल आणि वसुली संघाकडे. पाच-सात माणसांच्या ब्रुअरीस ह्या एका योजनेने जी दारे उघडली, ती तिने स्वतः दहा वर्षे ठोठावली असती तरी उघडली नसती. अर्थात संघ येथे प्रतिनिधी होता तसाच मध्यस्थ व्यापारीही झाला, आणि ह्या दोन भूमिका एकाच अंगरख्यात नेहमी सुखाने राहत नाहीत.

करविषयक मागणीही ह्या संघाने वीस वर्षे लावून धरली. १९९२ च्या युरोपीय निर्देशाने, वर्षाला २ लाख हेक्टोलिटरपर्यंत उत्पादन करणाऱ्यांना कमी दर लावण्याची मुभा सदस्य राष्ट्रांना दिली होती. ब्रिटनने ती २००२ मध्ये वापरली. ५,००० हेक्टोलिटरपर्यंत गाळणाऱ्यास निम्मा कर, आणि पुढे सवलत उतरत जाणारी. परिणामी नव्या ब्रुअऱ्यांची लाट आली, पण उंबरठ्याच्या किंचित वर असणाऱ्यांची कुचंबणा झाली. वाढावे तर सवलत घटते, न वाढावे तर खर्च भागत नाही. २०१८ मध्ये ह्या मधल्या ब्रुअरांनी सुधारणेसाठी स्वतंत्र गट उभारला आणि ‘लहान’ ह्या विशेषणावर दोन बाजूंनी हक्क सांगितला जाऊ लागला. ऑगस्ट २०२३ पासून सवलतीची नवी पद्धती अंमलात आली. दरम्यान, १९९५ मध्येच संघाने आपले नाव ‘सोसायटी ऑफ इंडिपेंडंट ब्रुअर्स’ असे केले होते. ‘सिबा’ ही आद्याक्षरे तीच राहिली, ‘स्मॉल’ हा शब्द तेवढा गळाला. काही सभासद मोठे झाले होते; त्यांना बाहेर घालविण्यापेक्षा विशेषण घालविणे सोयीचे होते.

अमेरिकेत हीच प्रक्रिया अधिक उघडपणे घडली. तेथे ह्या नव्या ब्रुअऱ्यांना प्रथम ‘मायक्रो’ म्हणत. ‘क्राफ्ट’ हे विशेषण १९८० च्या दशकात रूढ होऊ लागले. व्हिन्स कॉटोन ह्यांच्यासारख्या लेखकांनी ते हस्तकौशल्य, पारंपरिक पद्धती व अस्सल द्रव्ये ह्या अर्थाने वापरले. म्हणजे शब्द पेयाच्या गुणाकडे वळला. एव्हाना चार्ली पापाझियन ह्यांनी १९७८ मध्ये बोल्डर येथे घरगुती ब्रुअरांचा संघ काढला होता. त्या प्रयत्नांतून वाढलेली संस्था आणि ओ’शे ह्यांची जुनी संस्था २००५ मध्ये एकत्र येऊन ‘ब्रुअर्स असोसिएशन’ झाली. तिने क्राफ्ट-ब्रुअरची व्याख्या तीन शब्दांत बांधली : लहान, स्वतंत्र, पारंपरिक. लहान म्हणजे वर्षाला २० लाख पिंपांच्या आत, कायद्यातील आकड्याप्रमाणेच. स्वतंत्र म्हणजे, स्वतः क्राफ्ट-ब्रुअर नसलेल्या मद्य-उद्योजकाची मालकी २५ टक्क्यांहून कमी. पारंपरिक म्हणजे माल्टप्रधान.

ह्या तीन शब्दांचे पुढे काय झाले, तो इतिहास कोणत्याही अर्थविज्ञानाच्या वर्गात शिकवावा असा आहे. बोस्टन बिअर कंपनीचे उत्पादन २० लाख पिंपांच्या जवळ येताच, २०१० च्या अखेरीस संघाने मर्यादा ६० लाखांवर नेली. कायद्यातील सवलतीची मर्यादा २० लाखच राहिली, त्यामुळे कायद्याचा ‘लहान’ आणि संघाचा ‘लहान’ हे दोन भिन्न शब्द झाले. डिसेंबर २०१२ मध्ये संघाने एक पत्रक काढून, क्राफ्टचा आव आणणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या मालास ‘क्राफ्टी’ म्हटले. क्राफ्ट आणि क्राफ्टी, कसबी आणि कावेबाज, हे दोन्ही एकाच धातूचे. कौशल्याचा अर्थ कपटाकडे झुकण्याची प्रवृत्ती जुनी आहे. पण त्या श्लेषाच्या भरात संघाने मिनेसोटातील न्यू उल्म येथील ऑगस्ट शेल ह्या ब्रुअरीलाही ‘क्राफ्ट’च्या बाहेर ठेवले. ही कौटुंबिक ब्रुअरी १८६० पासूनची. दोष एवढाच की ती आपल्या काही बिअरींत मका वापरी. मक्याचा उपयोग तेथील जर्मन वसाहतकारांनी केला, कारण अमेरिकन सातूशी तो जुळत होता. दीडशे वर्षांची ही रीत पारंपरिक नाही, असे म्हणावयाचे तर परंपरेची सुरुवात कोठून मोजावी? शेल ब्रुअरीने जाहीर पत्राने निषेध केला. २०१४ मध्ये व्याख्या सैल झाली. त्या बदलाने १८२९ पासून चालू असलेली पेनसिल्व्हेनियातील युएंगलिंगही ‘क्राफ्ट’ ठरली, आणि एकाच वर्षात ह्या यादीच्या अग्रभागी जाऊन बसली. २०१९ च्या आरंभी ‘पारंपरिक’ ही अट पूर्णपणे काढण्यात आली. बोस्टन बिअर कंपनीच्या उत्पादनात सफरचंदाचे मद्य व तत्सम पेयांचा वाटा इतका वाढला होता की, ती बिअरप्रधान उरते की नाही असा प्रश्न आला होता. ती अट गेल्यावर, ज्याच्याकडे ब्रुअरचा परवाना आहे व जो बिअर करतो तो ब्रुअर, एवढेच उरले.

ह्यावरून संघाने तत्त्व सोडले, असा आरोप करणे सोपे आहे आणि काही टीकाकारांनी तो केलाही. ह्यात तथ्य नाही असे नव्हे; मर्यादा दर वेळी मोठ्या सभासदाच्या मापाने शिवली गेली, हे नाकारता येत नाही. परंतु शेल ब्रुअरीचे उदाहरण दुसरी बाजू दाखविते. व्याख्या बदलून घेण्याची शक्ती लहानाकडेही होती, आणि ती व्याख्येच्या कर्त्यांपर्यंत आवाज पोचविण्यातून आली. तीन अटींपैकी आकाराची अट ताणली गेली, द्रव्याची अट गळून पडली, मालकीची तेवढी अभंग राहिली. म्हणजे ‘क्राफ्ट’ हा शब्द पेयावरून उठून पुन्हा माणसांच्या समूहावर येऊन बसला. पोर्लंडच्या वहीत तो तेथेच होता.

जून २०१७ मध्ये संघाने स्वतंत्र ब्रुअरांसाठी एक मुद्रा प्रसिद्ध केली. तिच्यावर उलट्या बाटलीचे चित्र आहे. त्याच्या महिनाभर आधी उत्तर कॅरोलिनातील विकेड वीड ही नावाजलेली ब्रुअरी आन्हायझर-बुश इनबेव ह्या विराट कंपनीने विकत घेतली होती. शिकागोची गूस आयलंड २०११ मध्येच गेली होती. ब्रिटिश संघाने २०१६ मध्ये काढलेली तशीच मुद्रा केवळ सभासदांना मिळे. अमेरिकन संघाने मात्र आपली मुद्रा व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येक ब्रुअरास, सभासद असो वा नसो, विनामूल्य दिली. ओल्सन ह्यांच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. पण शब्दाचे चलन जितके अधिक हातांतून फिरते, तितका तो पक्का होतो, आणि त्याच्या टांकसाळीत बसण्याचा अधिकार सभासदांकडेच राहतो. ३ मे २०१७ रोजी विक्रीची घोषणा झाली, त्या दिवशी विकेड वीडच्या कढयांतील बिअर आदल्या दिवशीचीच होती. व्यवहार पूर्ण होताच ती ‘क्राफ्ट’ राहिली नाही.